मुक्काम पोस्ट ऐजन

सही करताना ते डावा तळहात कागदावर आडवा धरायचे, वाऱ्यात दिवा लावताना धरतात तसा. त्या आडोशाला जी सही उमटायची ती इतकी बारीक की कागदावर मुंगी चिरडलीय असं वाटावं. मग पेनला टोपण लावून ते खिशात टाकायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, "बघा हं बाई. माझं नाव यील ह्यात."

कशात येईल, हे मी एकदाच विचारलं. त्यांनी आधी दाराकडं पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, "कशातबी."

आमचं ऑफिस भूमला होतं. आसपासच्या खेड्यांमधल्या सहकारी सोसायट्यांचा कारभार तिथून चालायचा. मी टायपिस्ट होते, तीही हंगामी. ते त्या सोसायट्यांचे सचिव, वयानं माझ्या वडलांपेक्षा मोठे. मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला बाई म्हणायचे. वीस-बावीस वर्षांच्या पोरीला बाई म्हणणारा, अहो-जाहो करणारा तो ऑफिसातला एकटाच माणूस होता. सुरुवातीला मला वाटायचं हा मान आहे. नंतर कळलं की मान होताच, पण त्यांना माझीही थोडी भीती वाटायची. टाइप केलेला कागद कुठंही जाऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या खुर्चीमागच्या खुंटीला एक खाकी कापडी पिशवी टांगलेली असायची. ऑफिस सुटलं की ती त्यांच्याबरोबर घरी जायची आणि सकाळी परत खुंटीवर यायची. आत एक धुतलेलं धोतर, सदरा, टॉवेल, पितळी तांब्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. एवढं कशाला, तर पोलीस न्यायला आले तर घरी जाऊन कपडे आणायला थोडंच सोडतात? हे ते अगदी साधेपणानं सांगायचे, जसं आपण सांगतो की पाऊस आला तर असू दे म्हणून छत्री आणलीय. ऑफिसातले लोक त्यांची टर उडवायचे. शिपाई मुद्दाम दारातून ओरडायचा, "सचिवसाहेब, जीप आली बरं का!" आणि त्यांचा हात आपसूक पिशवीकडं जायचा.

तुम्ही म्हणाल, माणसानं काहीतरी केलं असेल. मीही तसंच समजत होते. पण त्या माणसानं ऑफिसची टाचणी कधी घरी नेली नव्हती. एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलं की निजामाच्या राज्यात त्यांच्या वडलांना कसल्याशा कागदावरच्या सहीपायी नेलं होतं. परत आले, पण नंतर बोलायचेच बंद झाले. "लई वर्षं जगले," काका म्हणाले, "पन बोलले न्हाईत." आणि बशीतला उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

त्या साली दुष्काळ होता. आदल्या वर्षीही पाऊस ओढ देऊन गेला होता, पण तेव्हा विहिरींना ओल होती. त्या साली तीही गेली. माझी आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. माझी हंगामी नोकरी कधीही जाईल या धास्तीनं मी घरी धड जेवत नव्हते. रस्त्यानं गुरं चालत जाताना दिसायची, त्यांच्या फासळ्या मोजता याव्यात अशी. भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. काकांची तेवढी आधीपासूनची होती, त्यामुळं ते आमच्यापेक्षा थोडे सरावलेले वाटायचे.

सरकारनं आणि सोसायट्यांच्या जिल्हा संघानं मिळून चारा वाटायचा ठरवला. कोणत्या गावात किती जनावरं, त्यावर कोणत्या गावाला किती चारा. आणि हा हिशोब पुण्याला मशीनवर होणार होता. कॉम्प्युटर हा शब्द आमच्याकडं तेव्हा कुणी उच्चारत नसे, सगळे मशीनच म्हणायचे. पुण्याहून एक तरुण इंजिनिअर एका दिवसासाठी येऊन शिकवून गेला. त्यानं चौकोन छापलेले तक्ते आणले होते. एका चौकोनात एक अक्षर. इथून इथपर्यंत नावाचे चौकोन, मग गावाचे, मग जनावरांचे. आमच्या रजिस्टरातला कुठला रकाना मशीनच्या कुठल्या कप्प्यात जाऊन पडायचा ते त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. आम्ही फक्त उतरवून द्यायचं होतं.

"रजिस्टरला जसं आहे तसंच उतरवा," तो म्हणाला. "मनाचं काही घालू नका. टिंबं, रेघा चालणार नाहीत. आणि एकही रकाना रिकामा ठेवू नका."

काका मागच्या बाकावरून उठून उभे राहिले. "साहेब, ऱ्हायला एखादा रिकामा, तर?"

"तर मशीन ती ओळ घेत नाही."

"म्हंजी त्यो माणूस?"

"तो माणूस नाही," इंजिनिअर हसून म्हणाला आणि खडू झटकला.

काका खाली बसले आणि समोरच्या तक्त्यातले चौकोन बोटानं मोजू लागले.

तक्ते त्यांनी एकट्यानं भरले. मी मदत करते म्हटलं तर मला हात लावू दिला नाही. "तुमचं अक्षर नको बाई ह्यात. उद्या कुणी इचारलं तर?" ऑफिसच्या खिडकीशी बसून ते एकेक चौकोन भरायचे, आणि पान संपलं की रिकामा रकाना कुठं राहिला नाही ना, हे बोट फिरवून बघायचे. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत बघायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून झाली होती. रजिस्टर लिहिताना पानाच्या डोक्यावर, पहिल्या माणसापुढं, ते गावाचं नाव लिहायचे. उंबरवाडी, समजा. आणि त्याच्याखालच्या सगळ्यांपुढं लिहायचे 'ऐजन'. ऐजन म्हणजे वरीलप्रमाणे, पुन्हा तेच. दुसरीकडं कुणी टिंबं देतं, कुणी 'सदर' लिहितं. आमच्याकडच्या जुन्या कारकुनांच्या हाताला ऐजन बसलेलं होतं. रजिस्टरला होतं तसंच काकांनी तक्त्यात उतरवलं. गावाच्या रकान्यात तीन चौकोनांत तीन अक्षरं, ऐ, ज आणि न. रकाना रिकामा नाही, टिंब नाही, रेघ नाही, मनाचं काही नाही.

ऑफिसात तो तक्ता सगळ्यांनी पाहिला. आम्हाला तो शब्द इतका सवयीचा की डोळ्यांना दिसायचाच नाही. आणि पुण्यात मशीनपुढं बसलेल्यांना तो कुणालाच माहीत नव्हता. त्यांनी तो इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा आत घातला.

यादी पुण्याहून थेट चारा डेपोवर गेली, आमच्याकडं आलीच नाही. काहीतरी चुकलंय हे आम्हाला पहिल्यांदा समजलं ते उंबरवाडीचा चारा आला तेव्हा. एका बैलगाडीत मावेल एवढं उसाचं वाढं. दुसऱ्या गावाचंही तसंच, तिसऱ्याचंही. दुपारपर्यंत ऑफिससमोर माणसं जमली. पुढं उंबरवाडीचा दगडूबा होता. त्याच्याकडं बैलांची एक जोडी आणि गाभण म्हैस उरली होती, बाकीची त्यानं बाजारात मिळेल त्या भावानं देऊन टाकली होती. तो ओरडत नव्हता. पायरीवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आमची गुरं कुनी खाल्ली?"

मॅनेजरसाहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. फोन लागत नव्हता. काका खिडकी लावून आत बसले. मला म्हणाले, "बाई, तुमी मागच्या दारानं घरला जावा." मी गेले नाही, आणि त्यात काही धाडस नव्हतं. बाहेरच्या गर्दीतून जायचीच मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. हिरवंगार वाढं वरपर्यंत भरलेलं, दोरखंडानं आवळलेलं. ड्रायव्हर सांगलीकडचा होता, घामानं आणि रागानं लाल झालेला. तो आधी एसटी स्टँडवर विचारून आला होता. तिथं एकानं सांगितलं, पुढच्या फाट्याला डावीकडं. फाट्यावरच्यानं सांगितलं, ते मागं राहिलं. हॉटेलवाल्यानं तर ऐजनला आपली मावशी दिलीय असंही सांगितलं होतं. आमच्याकडं माहीत नाही असं कुणी म्हणत नाही, पाहुणा रिकामा कसा पाठवायचा?

"आवो, कालधरनं फिरतोय," ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला. "ह्ये ऐजन कुठं आलं म्हणायचं? सगळ्यात मोठा वाटा त्या गावाचा हाय, आनि गाव काय घावंना."

माझ्या टाइपरायटरवरची बोटं जिथल्या तिथं राहिली. काकांच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी पाहिलं, अगदी वरून खाली. ते उठले आणि माझ्या टेबलाशी येऊन कानात बोलावं इतक्या हळू म्हणाले, "बाई, त्यो शब्द माजा हाय. म्या लिहिलाय त्यो."

मग मलाही समजलं. पानाच्या डोक्यावरचा एकेक माणूस सोडला, तर सगळ्या गावांची माणसं त्या एका शब्दात जाऊन बसली होती. कुठंच नसलेल्या गावाला त्यांनी चारा मिळवून दिला होता. बाहेर पायरीवर दगडूबा बसला होता. कुणी खोटं गाव उभं करून चारा लाटला, असं म्हणायला आता काय अडचण होती? कागद तर तसंच सांगत होता. आणि कागदावर खाली, मुंगीएवढी का होईना, काकांची सही होती.

ड्रायव्हरनं पावती टेबलावर ठेवली. "गावाच्या जबाबदार मानसाची सही आनि शिक्का पायजे. न्हाईतर म्या डेपोवर परत. तिथं लोक तळ देऊन बसल्याती. वाढं वाळाय लागलंय."

"मॅनेजरसाहेब आल्यावर..." मी म्हणाले.

"कवा येनार?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी खुंटीवरची पिशवी काढली. मला वाटलं, चालले. मागच्या दारानं जातील आणि बेंबळीच्या गाडीत बसतील. बेंबळी त्यांचं गाव. खरं सांगते, ते गेले असते तर मला बरं वाटलं असतं. भीतीनं माणसाचं एवढंच होतं, दुसऱ्यानं पळावं आणि आपल्याला पळायचं कारण मिळावं असं वाटतं.

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, तळहात धोतराला पुसले आणि टेबलापाशी आले. "बाई, तुमी भाईर जावा," ते म्हणाले. "तुमचं नाव नगं यायला."

मी दारापर्यंत गेले. तिथंच चौकटीला धरून थांबले. त्यामुळं मी पाहिलं. त्यांनी डावा हात पाठीमागं घेतला, कागदावर आडोसा धरला नाही. सही केली ती मोठी केली. आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं पुरतं लिहिलं. आणि खाली लिहिलं, 'सचिव, मु. पो. ऐजन'.

त्यावर सोसायटीचा शिक्का मारून ते ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन. गर्दीतून जाताना त्यांनी दगडूबाला हाक मारली, "चल रं, चढ वर. गाव दावतो तुला."

त्या दिवशी त्यांनी गावोगाव वाढं उतरवलं. ज्याची जेवढी जनावरं तेवढ्या पेंढ्या. दगडूबा नंतर सांगायचा की त्याच्या म्हशीनं पहिली पेंढी खाताना डोळे मिटून घेतले होते, आणि काका तिच्यासमोर उभं राहून म्हणत होते, "खा बाई, लवकर खा." कुणी येऊन परत न्यायच्या आत तिनं खावं असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या खेपेला यादी दुरुस्त झाली. पण तोवर तक्रार गेली होती. कुणीतरी वर लिहून दिलं की भूमकडं एका बोगस गावाच्या नावानं चारा उचलला. चौकशी लागली.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि आठवायला नकोही वाटतात. काका कामावर येत, बसत, पण रजिस्टर उघडत नसत. बाहेर कुठल्याही गाडीचा आवाज आला की उभे राहत. शिपायानं जीप आली म्हणून ओरडायचं बंद केलं होतं. मीही दचकायला लागले होते. एकदा टपालवाला नुसता पाणी प्यायला आत आला, तर आम्ही दोघं एकदम उठलो.

चौकशी उंबरवाडीच्या शाळेत झाली. आलेले साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. पायाला जोडे चावत असावेत, टेबलाखाली त्यांनी ते काढून ठेवले होते. त्यांच्याशेजारी जबाब लिहायला एक जुना कारकून होता, आमच्याच भागातला. मी ऑफिसची कागदपत्रं घेऊन बसले होते. काका भिंतीशी उभे, पिशवी पायाशी.

पहिला दगडूबा गेला. नाव सांगितलं.

"गाव?"

"ऐजन."

साहेबांनी मान वर केली. "ऐजन नावाचं गाव नाही."

"आसंल साहेब. पन चारा तितंच आला. माजी म्हस तितलीच हाय."

"तुम्ही उंबरवाडीचे ना?"

"व्हय. आनि ऐजनचाबी."

त्याच्यामागून एक म्हातारी आली. गाव? ऐजन. मग खडकवाडीचा एक तरुण आला, जबाब द्यायची त्याच्यावर पाळीही नव्हती. गाव? ऐजन. बाहेर ओसरीवर रांग लागली. कुणी कुणाला शिकवलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण पाठोपाठ माणसं येत होती, टोपी काढत होती आणि तेच गाव सांगत होती. कारकून लिहीत होता.

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि बघितलं. "हे तुम्ही गावाचं नाव लिहिलंय, की वरीलप्रमाणे म्हणून लिहिलंय?"

कारकुनानं खाली बघत सांगितलं, "दोन्ही, साहेब."

मला हसू फुटलं. ओसरीवरही कुणीतरी हसलं. साहेबांच्याही ओठाची कड हलली असावी. आणि तेवढ्यात काका भिंतीपासून पुढं आले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलं. तसं नव्हतं. ते घाबरले होते, मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं इतके.

"आरं, आसं करू नगा," ते रांगेकडं बघून हात जोडून म्हणाले. "दगडूबा, फिर माघारी. ए म्हातारे, तू तर फिर. तुमची समद्यांची नावं आली की रं ह्यात!"

कुणी फिरलं नाही.

साहेबांनी जोडे घातले. जाताना ते काकांपाशी थांबले आणि म्हणाले, "काळजी करू नका. निकालाचा कागद येईल."

तो कागद आला नाही.

पुढं पाऊस पडला. माझी नोकरी कायम झाली, मी कळंबला बदलून गेले, लग्न झालं. काका निवृत्त होऊन बेंबळीला राहिले. त्यांना कुणी नेलं नाही आणि कुणी निर्दोषही म्हटलं नाही. मी भूमच्या ऑफिसात अधूनमधून विचारायची, मग जिल्ह्याला विचारायला लागले. बघतो, म्हणायचे. साहेब बदलून गेले, म्हणायचे. एखाद्या लग्नात, बाजारात काकांची गाठ पडली की नमस्काराच्या आधी त्यांचा प्रश्न असायचा, "बाई, आला का?" मी मान हलवायची. ते पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे आणि मग मुलांची चौकशी करायचे.

ते गेले ते मला उशिरा कळलं. झोपेत गेले. मी बेंबळीला गेले तेव्हा पंधरा-वीस दिवस उलटून गेले होते. काकूंनी मला पाट दिला, चहा टाकला. दारातून आत गेलं की समोरच्याच भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला ती खाकी पिशवी. कापड विरून पांढरं पडलं होतं, एका कोपऱ्याला ठिगळ होतं.

काकूंनी माझी नजर पाहिली. उठून त्यांनी पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "दर अवसंला कापडं धुऊन परत घालायची, चटनी नवी करायची. आसं सांगून ठिवलं व्हतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "कागद आल्याबिगर पिशवी उतरवायची न्हाय म्हनायचे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्या घरात सरकारचं काही कळणारी मीच होते, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

"आला का वो बाई त्यो कागद?"

आला म्हणून सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर रजिस्टरला नसलेलं अक्षर कागदावर लिहिलं नाही, त्याच्या घरात ते बोलवेना. मी मान हलवली.

"काकू, आता त्यांना कोण न्यायला येणार?" मी म्हणाले.

"ते खरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी धोतराची घडी नीट केली, तांब्या पदरानं पुसून आत ठेवला, पिशवीचे बंद बांधले. "पन आला न्हाय न्हवं? आसू द्या मंग."

आणि त्यांनी ती परत खुंटीला टांगली. माझ्यापर्यंत ताज्या चटणीचा वास आला.